एसीसमोरची कुंडी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. सांगायची वेळ आली नाही असं नाही — वेळ एकदोनदा अगदी समोर येऊन उभी राहिली होती आणि मी हातात चहाचा ट्रे धरून गप्प राहिले. गप्प राहणं मला जमतं. लहानपणापासून सगळे म्हणत आलेत, मुलगी शांत आहे. शांत म्हणजे चांगली, असं लोक धरून चालतात. तुम्हीही धरलं असतंत.

मराठीत लिहितेय याचं माझं मलाच नवल वाटतंय. शाळा इंग्रजी, आता ऑफिस इंग्रजी. आई मराठीत विचारते आणि मी इंग्रजीत उत्तर देते, हे आमच्या घरात इतकं जुनं झालंय की कुणाच्या लक्षातही येत नाही. पण हेच इंग्रजीत लिहायला घेतलं की फार सफाईदार होतं. वाचता वाचता मीच मला बरी वाटायला लागते. म्हणून मराठीत. इथे लपायला मला जागा कमी आहे.

गोष्ट एका पक्ष्याची आहे. म्हणजे — पक्ष्यापासून सुरुवात करणं मला सोपं जातंय.

बहरीनमध्ये होले — कुणी कवडे म्हणतं — सगळीकडे असतात. इतके, की कुणी त्यांच्याकडे बघत नाही. फिकट विटकरी अंग, पंखाला राखाडी-निळी कड, गळ्यावर बारीक काळे ठिपके. दुपारी पार्किंगमध्ये गाड्यांच्या सावलीतून मान हलवत चालत असतात. दुकानाबाहेर सांडलेला तांदूळ, बाकाखाली पडलेले खबूस रोटीचे तुकडे — काहीही चालतं. आवाज घशातल्या घशात, कुणीतरी तोंडावर हात धरून हसल्यासारखा. पाणी पितात तेही वेगळं. बाकीचे पक्षी घोट घेऊन मान वर करतात. होला चोच बुडवतो आणि ओढत राहतो, तहान भागेपर्यंत.

घरटं मात्र त्यांना जमत नाही. चार काड्या आडव्या, चार उभ्या, की झालं. खालून बघितलं तर अंडी दिसतील इतकं विरळ. आणि आमच्या झिंजसारख्या सिमेंटच्या वस्तीत काड्या तरी कुठून आणणार? केबलचे तुकडे, झाडूचे हीर. एकदा तर मी माझाच हरवलेला केसांचा रबरबँड एका घरट्यात ओळखला होता. खजुराची झाडं असतात, पण त्यांना आमच्या बिल्डिंगी आवडतात. डिश अँटेनाच्या मागे, बंद खिडकीच्या कट्ट्यावर, एसीच्या बाहेरच्या मशीनच्या आडोशाला. नर दिवसा बसतो, मादी रात्री. संध्याकाळी पाळी बदलते — एक येतो, दुसरा उठतो, मध्ये अंडी क्षणभरसुद्धा उघडी पडत नाहीत.

हे सगळं मला माहीत आहे कारण मी बघत बसते. बोलणाऱ्या माणसांना बघायला वेळ नसतो. मला असतो. म्हणूनच, मला कळलं नाही असं मी कुणालाही सांगू शकत नाही. तुम्हालाही नाही.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये रझिया चाची राहायची. दाभोळकडची. हनीफ चाचा सित्र्याला एका कंपनीत होते. पहाटे कंपनीची बस त्यांना न्यायला यायची आणि चाची डबा घेऊन लिफ्टपर्यंत जायची. त्यांना मूलबाळ नव्हतं. माझे बाबा एकदा आजारी पडून सलमानियाच्या हॉस्पिटलात होते, तेव्हा आई तिकडे आणि मी चाचीकडे. मी तेव्हा लहान होते. चाची माझी वेणी इतकी घट्ट घालायची की डोळे ताणले जायचे. आई नाशिकची, चाची कोकणातली. दोघींची मराठी वेगळी, स्वयंपाक वेगळा, देव वेगळा. पण रोज सकाळी सगळे कामावर गेले की दोघींपैकी एकीच्या दाराची कडी वाजायचीच. आईला इथे ओळखी पुष्कळ होत्या. मैत्रीण ही एकच.

इथली एक पद्धत सांगायला हवी. उन्हाळ्यात ज्यांना सुट्टी मिळते ते भारतात जातात, आणि जे मागे राहतात त्यांच्याकडे किल्ल्या येतात. कुणाच्या झाडांना पाणी, कुणाचे नळ सोडून बघायचे, कुणाचा फ्रीज. कोण कुणाकडे किल्ली ठेवतं यावरून इथे नाती कळतात. चाचीची किल्ली वर्षानुवर्षं आमच्या दारामागच्या हुकाला असायची आणि आमची तिच्याकडे.

त्या वर्षी बाबांना रजा मिळाली नाही. चाची आणि चाचा निघाले. आणि चाचीच्या बेडरूमच्या बाल्कनीत, पुदिन्याच्या वाळून गेलेल्या कुंडीत, होल्यांनी घरटं केलं होतं.

कुंडी नेमकी एसीच्या बाहेरच्या मशीनसमोर होती. त्याआधी त्याच जोडीची अंडी कावळ्याने नेली होती. त्यामुळे या खेपेला चाची हट्टालाच पेटली होती. कुंडी सरकवायची नाही, वीतभर जरी हलवली तरी त्यांना ओळखू येत नाही, असं तिचं म्हणणं. मग एसी बंद. आठवडाभर दोघं हॉलमध्ये झोपत होते. चाचा माझ्या बाबांना म्हणायचे, "बघा, इतकी वर्षं संसार केला, शेवटी कवड्यासाठी बाहेर काढलं मला."

निघायच्या आदल्या दिवशी चाची किल्ली द्यायला आली. मी डायनिंग टेबलापाशी लॅपटॉप उघडून बसले होते.

"ताई, पानी किचनच्या खिडकीत ठेवा. बाल्कनीचं दार उघडू नका, घाबरतात ते. आणि बेडरूमचा एसी अजिबात नाय हां. सगळी गरम हवा कुंडीवर येते."

"तू जा तर खरी," आई म्हणाली. "तुझी पाठ वळली की तुझ्या बेडरूममध्येच जाऊन लोळणार आहे मी. आमचा एसी नुसता खोकतो."

"लोळा ना! पन हॉलमध्ये लोळा. चाचाला सोडत नाय तिथं, तुम्ही कोण लागून गेलात?"

दोघी हसल्या. मग जाता जाता चाची दारात थांबून म्हणाली की आता ऊन चढेल तसे ते अंड्यांवरून हलणार नाहीत. ऊब द्यायला नव्हे — ऊब कशाला हवी इथे? सावली द्यायला बसतात. अंडी शिजू नयेत म्हणून.

हे मी ऐकलं होतं. लॅपटॉपकडे बघत होते, पण ऐकलं होतं.

मी तेव्हा नुकतीच कॉलेजमधून बाहेर पडले होते. नोकरी नव्हती. इंटरव्ह्यू होत होते आणि कुठूनच काही कळत नव्हतं. घरात मी जिथे बसेन तिथे कुणीतरी विचारायचं — काय झालं गं त्याचं? फोन आला का? आईच्या ओळखीच्या बायका यायच्या, आणि 'अजून घरीच का?' हे इतक्या प्रेमाने विचारायच्या की उत्तर देताना घाम फुटायचा. मला कुणाचा राग नव्हता. मला फक्त एक खोली हवी होती, जिथे कुणी नसेल.

ती तर हुकाला टांगलेली होती.

आई सकाळी पाणी ठेवायला जायची. तिथल्याच, किचनच्या काचेतून दुरूनच होला बघून यायची. दुपारी ती झोपली की मी किल्ली काढायचे. पहिल्या दिवशी मी चाचीच्या हॉलमध्ये बसले. पण हॉलच्या खिडकीतून जिन्यातलं सगळं दिसायचं, म्हणजे जिन्यातून मीही दिसायचे. मग बेडरूममध्ये गेले. पडदा ओढलेला, पलंगावर चादर घातलेली. उकडत होतं. ऑगस्टमधली इथली दुपार कशी असते सांगू? भिंतीला हात लावला तर भिंतीला ताप आल्यासारखं वाटतं.

रिमोट उशाशी होता.

थोडा वेळ लावला, असं मी स्वतःला सांगितलं. थोडाच वेळ होता तो पहिल्या दिवशी. पडदा थोडा सारून बघितलं. मशीन सुरू झालं तसा होला दचकून उडाला, कठड्यावर बसला, आणि परत आला. कुंडीत शिरून हळूहळू खाली बसला. मला वाटलं — बघ, बसला की. होईल सवय.

'होईल सवय.' हे मी खरंच मनात म्हटलं होतं. शब्द बदललेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी जास्त वेळ. तिसऱ्या दिवसापासून मी चाचीची शाल पायांवर घ्यायला लागले, कारण खोली फार गार व्हायची. शाल घेऊन मी काचेतून बघायचे. आत माझे पाय गारठलेले, आणि काचेच्या पलीकडे तो. बाहेरच्या उन्हावर आणखी त्या मशीनची गरम फुंकर, थेट अंगावर, थांबत नाही अशी. पिसं मागे उडायची. त्याने पंख दोन्ही बाजूंना पसरलेले असायचे, चोच उघडी, गळा भराभर हलतोय. एक डोळा माझ्याकडे. उठून जाता आलं असतं त्याला. पंख होते. कठडा होता, सावलीचा कोपरा होता, किचनच्या खिडकीत आईने ठेवलेलं पाणी होतं. तो उठत नव्हता. मी उठत नव्हते.

रिमोट माझ्या हाताशी होता. एक बटण. ते दाबायला काय लागतं? मी रोज बघत होते आणि रोज ठरवत होते की उद्यापासून लावायचा नाही. एवढी एक मेल पाठवते आणि बंद करते. मेल पाठवली तरी बंद केला नाही. एका दुपारी त्याच्या पोटाखालून काहीतरी हललं, पिवळट, लोकरीसारखं. पिल्लं. मला आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू. मी हसलेसुद्धा. पण एसी चालूच होता.

मग एका दुपारी तो तिथे नव्हता.

मी बाल्कनीचं दार उघडलं. जे उघडायचं नाही म्हणून सांगितलं होतं ते. गरम हवा तोंडावर आपटली. कुंडीत वाकून बघितलं. दोन पिल्लं, एकमेकांना चिकटून. हलत नव्हती. कठड्यावर, लांबच्या टोकाला, जोडी बसली होती — दोघं एकत्र. ही पाळी बदलायची वेळ नव्हती. मी दार लावलं. एसी बंद केला. शाल घडी करून होती तशी ठेवली. त्या पिल्लांना हात लावायचं धैर्य मला झालं नाही, आणि हात न लावणं म्हणजे आपण काही केलं नाही, असं काहीसं मला तेव्हा वाटलं असावं.

पुन्हा मी तिथे गेले नाही.

दोन दिवसांनी आई म्हणाली, "होला दिसत नाही गं कुंडीत. काय झालं असेल?"

मी फोनवरून मान वर न करता म्हटलं, "दे मस्ट हॅव फ्लोन अवे."

आईला बरं वाटलं. तिने लगेच चाचीला व्हॉट्सअॅपवर आवाज पाठवला — "रझिया, तुझी पिल्लं उडाली बरं का! निरोप न घेताच गेली मेली." मी शेजारीच बसले होते. माझं खोटं माझ्या आईच्या आवाजात समुद्रापलीकडे गेलं.

चाची परतली त्याच दिवशी आमच्याकडे आली. हातात पिशवी — कोकम, फणसाची साठं, आईसाठी दाभोळची सुकी कोलंबी. पिशवी टेबलावर ठेवली, पण बसली नाही.

"ताई, एसी लावलेलात काय?"

आईला वाटलं, जुनीच गंमत चाललीय. "लावला म्हणजे काय! रोज लोळत होते. बघ, कशी गोरी झालेय!"

चाची हसली नाही. म्हणाली, "पिल्लं मेलीत. सुकून पडलीत कुंडीत. तुम्ही बोललात उडाली."

आईचा चेहरा मला अजून दिसतो. "अगं — गंमत केली मी. मी कशाला लावू? मी तर त्या खोलीत पाऊलसुद्धा —"

"मशीनच्या मागं बादली ठेवून गेलेली मी, एसीच्या पान्याची. कोरडी होती. आता भरलीय."

त्या बादलीचं मला माहीतच नव्हतं. खोलीतून दिसत नव्हती ती.

"चावी तर तुमच्याकडंच होती, ताई. लावलात तर लावलात, गरमी हाय, मी काय बोलणार? पन माझ्यासमोर असं खोटं नको."

आणि मग आई म्हणाली — हे वाक्य लिहायला मला तीन वर्षं लागली — आई म्हणाली, "रझिया, माझ्या घरात कुणी खोटं बोलत नाही. वाटल्यास हिला विचार."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. ट्रेमध्ये तीन कप. चाचीने माझ्याकडे बघितलं. विचारलं असतं तर? मी काय म्हटलं असतं, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. इथे चांगलं काहीतरी लिहून घेता आलं असतं, पण माहीत नाही. तिने विचारलं नाही. "पोरीला कशाला मध्ये घेता," म्हणाली, आणि गेली. चहा न घेता. तिन्ही कप मी परत आत नेले.

त्या रात्री जेवणं झाली. मग आई अगदी सहज, ताट उचलता उचलता, "तू तर गेली नव्हतीस ना गं तिकडे?"

"नो," मी म्हटलं.

आईने मान हलवली. तिला तेवढं पुरलं. बाबा म्हणाले, "एका पक्ष्यावरून काय हे? खलास करा आता." खलास झालं नाही. भांडण झालं असतं तर कदाचित मिटलं असतं. दोघी भेटल्या की हसायच्या, तब्येत विचारायच्या, लिफ्टमध्ये एकमेकींसाठी दार धरायच्या. फक्त सकाळी कडी वाजायची बंद झाली. पुढच्या उन्हाळ्यात चाचीने किल्ली वरच्या मजल्यावरच्या मंगळुरी बाईंकडे दिली. आमच्या दारामागचा हुक रिकामा राहिला. आईने त्याला काही दिवसांनी छत्री अडकवली. इथे छत्री कशाला लागते?

मला नोकरी लागली. मी सकाळी निघायचे तेव्हा आई टीव्ही लावून बसलेली असायची, आवाज मोठा करून. समोरच्या घरात कुणीतरी आहे हे कळू नये म्हणून असावा. की कळावं म्हणून?

गेल्या वर्षी चाचांची नोकरी संपली आणि ते दोघं कायमचे दाभोळला गेले. जायच्या दिवशी चाची आली. आई तिला दारात भेटली. दोघी एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या, आणि ज्या बायका एकेकाळी दोन दोन तास बोलायच्या त्यांना बोलायला काही सुचेना. विमानाची वेळ विचारून झाली. सामानाचं वजन विचारून झालं. मग चाचीने माझी हनुवटी धरली, लहानपणी वेणी घालून झाल्यावर धरायची तशी. "आईला बघ हां. तू शहाणी हायस."

तेव्हा बोलता आलं असतं. टॅक्सी खाली उभी होती. एका वाक्याचं काम होतं, आणि त्यातला अर्धा भाग 'मी' एवढाच होता. लिफ्टचं दार बंद झालं. आई आत गेली आणि नळ सोडून बराच वेळ भांडी घासत राहिली. भांडी फार नव्हती.

आता या उन्हाळ्याचं सांगते, मग झालं.

आईबाबांच्या खोलीबाहेर, आमच्या एसीच्या मशीनपुढच्या कट्ट्यावर, होल्यांनी घरटं केलंय. दोन केबलचे तुकडे आणि थोडे हीर. दोन पांढरी अंडी. आईने त्याच दिवशी रिमोटमधल्या बॅटऱ्या काढून कपाटात ठेवल्या. बाबा हॉलमध्ये झोपायला गेले. आई मात्र दुपारी त्याच खोलीत बसते, टेबलफॅन लावून, ओला नॅपकिन मानेवर घेऊन. तिला आता ऊन सोसत नाही. चेहरा लालबुंद होतो. मी म्हटलं, हॉलमध्ये बस ना. म्हणाली, "कावळे येतात. बसलेलं बरं." मग थोड्या वेळाने, खिडकीकडे बघत, माझ्याशी नव्हे असं — "पुन्हा कुणी बोलायला नको."

काल सुट्टी होती. मी खुर्ची आणून तिच्याजवळ बसले.

"तू कशाला इथे? जा, तुला नाही सोसायचं."

"आय ॲम फाइन," मी म्हटलं.

काचेपलीकडे तो पंख पसरून बसला होता, चोच उघडी, गळा हलतोय, एक डोळा आमच्याकडे. आईने नॅपकिन पिळला, दुसरी बाजू मानेवर घेतली. फॅन आमच्या दोघींच्या मध्ये फिरत होता — थोडा वेळ तिच्याकडे, थोडा वेळ माझ्याकडे. माझ्याकडे आला की मी डोळे मिटून घेत होते. संध्याकाळी मादी आली, नर उठला. आई म्हणाली, "बघ, पाळी बदलली." मी मान हलवली.